ऑनलाइन गटात काम करायचंय? नवख्यांसाठी समाजमाध्यमं आणि सामायिक साधनांची वाट

एखाद्या मंडळात, समितीत, अभ्यासगटात किंवा नव्या नोकरीत शिरलं की लवकरच एक वाक्य कानावर येतं: “ग्रुपवर लिंक टाकली आहे, तुमचं तेवढं भरून टाका.” लिंक उघडावी तर परवानगी मागा म्हणतं. परवानगी मिळाली तर समोर भलामोठा तक्ता, त्यात चार जण एकाच वेळी काहीतरी लिहिताहेत, आणि आपण कुठे हात लावायचा ते कळत नाही. मग फोन करून “माझं तुम्हीच भरा ना” असं सांगितलं जातं, आणि शिकायचं राहून जातं.

नव्या माणसांना हे सगळं दाखवण्याचं काम माझ्याकडे बरेचदा येतं. माझा अनुभव असा की बटणं कुणालाच जड जात नाहीत. माणसं अडतात ती धास्तीने. मी लिहिलेलं कोणाकोणाला दिसेल? माझ्या हातून दुसऱ्याचं काही पुसलं जाईल का? म्हणून कुठलंही साधन पहिल्यांदा उघडलंत की दोनच प्रश्न विचारा: हे कोण पाहू शकतं, आणि हे कोण बदलू शकतं? उत्तरं मिळाल्याशिवाय काही लिहू नका. खालच्या बहुतेक पायऱ्या या दोन प्रश्नांच्या उत्तरांसाठीच आहेत. तिसराही एक प्रश्न आहे, पण तो कामाला लागल्यावर समजतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

हाताशी काय असावं

• तुमच्याच नावावरचा, बदलण्याचा विचार नसलेला मोबाइल नंबर. बहुतेक खाती त्यावरच उघडतात.
• रोज उघडला जाणारा ईमेल. मुलाने कधीतरी काढून दिलेला, पासवर्ड माहीत नसलेला ईमेल चालणार नाही.
• पासवर्ड ठेवायची जागा. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद सांभाळणारं ॲप, उत्तम. ते जमत नसेल तर घरात कुलपात राहणारी वही. वहीला हसणारे भेटतील, हसू द्या. सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा वही कितीतरी बरी.
• मराठी युनिकोड कीबोर्ड. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी, सगळ्या फोन-संगणकांना समजणारी पद्धत.
• माइक असलेला इअरफोन.
• लांब मजकूर किंवा तक्ता असेल तर अधूनमधून वापरायला मिळणारा संगणक. मोबाइलवर तक्ता भरता येतो, पण त्याची रचना करायला गेलात तर डोळे आणि संयम दोन्ही संपतात.
• सरावासाठी एक माणूस. एकट्याने सामायिक कागद (अनेकांनी एकत्र लिहायची ऑनलाइन फाइल) शिकता येत नाही, कारण समोरच्याला काय दिसतंय हे तोच सांगू शकतो.

१. आधी खातं पक्कं करा

हे काम “नंतर बघू” म्हणून सोडलं की कायमचं सुटतं, म्हणून पहिलं.

गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी विभागात जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. म्हणजे पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी तेवढ्याने खातं उघडणार नाही. तिथेच रिकव्हरीसाठी दुसरा ईमेल आणि फोन नंबर भरा. तिथेच बॅकअप कोडही मिळतात. ते दहा असतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर उतरवून घरी ठेवा. फोन हरवला किंवा पाण्यात पडला की हा कागदच उपयोगी पडतो.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन असं जाऊन सहा आकडी पिन ठेवा. हा पिन तुम्ही ठरवलेला असतो. नोंदणीच्या वेळी एसएमएसने येणारा सहा आकडी कोड वेगळा. दोन्ही कुणालाही सांगायचे नसतात.

सापळा: ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून निरोप येतो, “माझा कोड चुकून तुमच्याकडे आलाय, जरा पाठवता का?” नाव, फोटो ओळखीचाच असतो, म्हणून माणूस पाठवून मोकळा होतो. खरं तर त्या ओळखीच्या माणसाचं खातं आधीच गेलेलं असतं, आणि कोड पाठवताच तुमचंही जातं. पुढे तुमच्या नावाने तोच निरोप गटातल्या सगळ्यांना. अशा वेळी त्या माणसाला साधा फोन लावा.

व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अधूनमधून डोकावत जा. मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात. कधीकाळी कार्यालयातल्या संगणकावर उघडलेलं व्हॉट्सॲप तिथे अजून चालू असू शकतं. ओळखू न येणारं काही दिसलं की लगेच लॉग आउट.

२. मराठी सगळ्यांना वाचता येईल असं लिहा

परक्या भाषेतले मार्गदर्शक हा विषय घेत नाहीत, पण आपल्या गटांत निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या, कामात वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांमध्ये मजकूर टाइप झाला. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही, त्याला मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. असा मजकूर सामायिक कागदात चिकटवला तर गटातल्या कुणालाच वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि आजचा कुठलाही फोन ती दाखवतो. जुना मजकूर असेल तर परिवर्तक वापरून आधी युनिकोडमध्ये आणा आणि मग एकदा नीट वाचून काढा. जोडाक्षरं आणि रफार परिवर्तनात हमखास घसरतात.

टायपिंगसाठी मोबाइलवर जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा. रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सोय त्यात आहे, आणि थेट देवनागरी कळाही आहेत. संगणकावर सवय लावायचीच असेल तर इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिका. सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, पण मांडणीला तर्क आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. बोलून टाइप करण्याची सोयही मराठीत चांगली चालते. विरामचिन्हं मात्र स्वतः घालावी लागतील असं धरून चाला.

एक बारीक गोष्ट. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एकसंध ‘ॲ’ किंवा ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. तक्त्यात एकाच माणसाचं नाव दोनदा का येतंय, शोधल्यावर का सापडत नाहीये, याचं कारण पुष्कळदा हेच असतं. गटाने एक पद्धत ठरवून टाकावी. तक्त्यात देवनागरी आकडे घालणार असाल तर आधी दोन घरांत भरून बेरीज बरोबर येते का तेही पाहा.

३. काय कुठे ठेवायचं ते ठरवा

चॅट बोलण्यासाठी, सामायिक कागद मजकुरासाठी, फलक कामांच्या यादीसाठी, बैठक निर्णयासाठी आणि जाहीर पान जगाला सांगण्यासाठी. गट बिघडतात ते यातलं सगळं चॅटमध्ये कोंबल्यामुळे. पत्रिकेचा मजकूर चॅटमध्ये, दुरुस्त्या चॅटमध्ये, निर्णयही चॅटमध्ये. आठवड्याने शेवटचा मसुदा कोणता हे कुणालाच सांगता येत नाही, आणि फोनमध्ये ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा फायली साचलेल्या असतात.

साधनं कमी ठेवा. पाच-सहा जणांच्या गटाला एक चॅट आणि गुगल ड्राइव्हवरचा (ऑनलाइन फायली ठेवायच्या जागेतला) एक फोल्डर पुरतो. नवं साधन घ्यायचं ठरलं की जुन्यातलं एक बंद करा, नाहीतर माणसं दोन्हीकडे शोधत बसतात.

४. चॅटचा ग्रुप: आधी ऐका, मग बोला

ग्रुपमध्ये घेतलं की आधी त्याचं वर्णन आणि पिन केलेले, म्हणजे वर टाचून ठेवलेले, निरोप वाचा. नियम तिथेच असतात.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्या सदस्यांना दिसतो. ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत माणसं असू शकतात, तेव्हा अनोळखी मोठ्या ग्रुपात शिरण्याआधी याचा विचार करा. प्रायव्हसी सेटिंगमध्ये ‘ग्रुप्स’ हा पर्याय आहे. तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवलंत की परक्या माणसाला तुम्हाला परस्पर ग्रुपात ओढता येत नाही. नंबर लपवायचाच असेल तर टेलिग्राममध्ये तशी सोय आहे, आणि सिग्नलवर २०२४ पासून वापरकर्तानावाने बोलता येतं. गोपनीयतेचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज: टेलिग्राम जास्त गुप्त, असं पुष्कळांना वाटतं. त्यातल्या नेहमीच्या गप्पा आणि ग्रुप यांना टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाही वाचता येऊ नये अशी सोय) नसतं. ते फक्त ‘सिक्रेट चॅट’ला असतं. व्हॉट्सॲपने मात्र ते २०१६ मध्ये सर्व गप्पांना लागू केलं.

वागण्याच्या काही रीती लगेच अंगी लावा.

कुणाला उत्तर देताना तो निरोप दाबून किंवा उजवीकडे सरकवून ‘रिप्लाय’ करा. नुसतं “हो, चालेल” लिहिलंत की कशाला हो ते कळत नाही. विशिष्ट माणसाला बोलवायचं असेल तर @ लावून नाव निवडा. तारीख ठरवायची असेल तर वीस जणांचे वीस निरोप नकोत, पोल, म्हणजे पर्याय देऊन मत घेणारा निरोप, टाका.

चुकलं तर पाठवल्यापासून १५ मिनिटांच्या आत निरोप सुधारता येतो, आणि सगळ्यांसाठी पुसायला साधारण दोन दिवस मिळतात. पुसल्याची खूण मागे राहतेच, आणि तोवर कुणी स्क्रीनशॉट काढला असेल तर इलाज नाही.

फोटो छपाईसाठी हवा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की आकार आणि दर्जा कमी होतो. पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फायलीत फोटो कुठे काढला त्याची नोंदही तशीच जाऊ शकते. घरातले फोटो मोठ्या ग्रुपवर असे पाठवू नका.

निर्णय झाला की कुणीतरी एकाने तो एका वाक्यात लिहून पिन करावा आणि सामायिक कागदातही उतरवावा. सगळ्यांनी “ओके” म्हटलं, म्हणजे सगळ्यांना एकच कळलं असं होत नाही.

५. सामायिक कागद: इथे घाई करू नका

गुगल डॉक्स २००६ पासून आहे आणि बहुतेक गट तेच वापरतात, म्हणून त्याच्या आधारे सांगते. मायक्रोसॉफ्टच्या वन-ड्राइव्हवरचं वर्ड किंवा क्रिप्टपॅड यांची तऱ्हा फार वेगळी नाही.

क) कागद बनवा आणि लगेच नाव द्या. ‘अनटायटल्ड’ नावाचे पंधरा कागद ज्याच्या ड्राइव्हमध्ये असतात त्याला काहीच सापडत नाही. विषय आणि तारीख एवढं नावात पुरे. ‘फायनल’ हा शब्द नावातून हद्दपार करा. सामायिक कागद एकच असतो आणि त्याची ताजी अवस्था हीच शेवटची.

ख) ‘शेअर’ बटण दाबा आणि थांबा. इथे आपले दोन प्रश्न अगदी उघड विचारले जातात. ‘जनरल ॲक्सेस’खाली ‘रिस्ट्रिक्टेड’ असेल तर तुम्ही ईमेल घालून बोलावलेल्यांनाच दिसेल. ‘एनीवन विथ द लिंक’ असेल तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला दिसेल, मग तो कुणीही असो. ती लिंक म्हणजे दाराची किल्ली आहे, आणि व्हॉट्सॲपवर किल्लीच्या नकला काढायला एक सेकंद पुरतो. दुसरा प्रश्न शेजारीच आहे. व्ह्यूअर फक्त वाचू शकतो, कमेंटर शेरे देऊ शकतो, एडिटर सगळं बदलू शकतो.

माझा सल्ला: नावं माहीत असतील तर ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवून ईमेल घाला. थोडं काम वाढतं, पण कोणी काय लिहिलं ते नावानिशी दिसतं. उघडी लिंक ठेवली तर वर कोपऱ्यात एखादा अनामिक प्राणी वाचत बसलेला दिसतो. खात्यातून न आलेल्यांना गुगल प्राण्यांची नावं देतं. गंमत वाटते, पण पत्त्यांच्या यादीवर अनामिक प्राणी बसलाय हे काही बरं नाही.

ग) दुसऱ्याच्या मजकुरात थेट हात घालू नका. उजवीकडे वर पेन्सिलीचं चिन्ह असतं, तिथे ‘सजेस्टिंग’ निवडा. मग तुम्ही खोडलेलं आणि घातलेलं वेगळ्या रंगात दिसतं आणि मूळ लिहिणारा ते मान्य किंवा अमान्य करतो. हे एक बटण गटातली निम्मी भांडणं वाचवतं. शेरा द्यायचा असेल तर शब्द निवडून कमेंट लिहा. कमेंटमध्ये @ लावून ईमेल घातलात की त्या माणसाला कळवलं जातं आणि काम त्याच्या नावावर टाकता येतं. शेऱ्याचं काम झालं की ‘रिझॉल्व्ह’ करा, नाहीतर समास शेऱ्यांनी भरून जातो.

घ) बिघडलं तर मागे जा. ‘फाइल’ मेनूत ‘व्हर्जन हिस्टरी’ आहे. कोणी, केव्हा, काय बदललं ते तिथे दिसतं आणि आधीची कुठलीही अवस्था परत आणता येते. ती पाहायला एडिटरची परवानगी लागते. महत्त्वाच्या टप्प्याला, म्हणजे छपाईला जाण्याआधी किंवा मंजुरीनंतर, त्या अवस्थेला नाव देऊन ठेवा. एकदा ही सोय स्वतः वापरून पाहिली की पुसलं जाण्याची धास्ती जाते. म्हणून सरावाच्या वेळी मी नव्या माणसाला मुद्दाम अख्खा परिच्छेद पुसायला लावते आणि परत आणायला सांगते.

याच तत्त्वावर विकिपीडिया उभा आहे. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरने १९९५ मध्ये पहिलं विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाच बदलता येणारं संकेतस्थळ, सुरू केलं, २००१ मध्ये विकिपीडिया आला आणि २००३ मध्ये मराठी विकिपीडिया. तिथे कुठल्याही लेखाच्या ‘इतिहास’ टॅबवर टिचकी मारा, एक लेख किती हातांनी घडलाय ते दिसेल. तिथली धूळपाटी सरावासाठीच असते, चुका करायला मोकळी. सगळ्यांच्या नजरेसमोर लिहिण्याची सवय करायला यासारखी जागा नाही.

च) तक्ता वेगळा हाताळा. गुगल शीट्समध्ये सर्वांत जास्त घोटाळा सॉर्ट करताना होतो. एकाने आपल्या सोयीसाठी एकच रकाना क्रमाने लावला की नावं एकीकडे आणि नंबर भलतीकडे जातात. आपल्यापुरतं पाहायचं असेल तर ‘फिल्टर व्ह्यू’ वापरा, इतरांच्या पडद्यावर काही हलत नाही. शीर्षकाची ओळ आणि सूत्रांची घरं ‘प्रोटेक्ट’ करून ठेवा.

लोकांची माहिती गोळा करायची असेल तर उघडा तक्ता फिरवूच नका. “नाव, नंबर, पत्ता इथे भरा” म्हणून तक्त्याची लिंक टाकली की प्रत्येकाला दुसऱ्याचा पत्ता दिसतो. गुगल फॉर्म बनवा. भरणाऱ्याला फक्त प्रश्न दिसतात, उत्तरं तुमच्या तक्त्यात जमतात. मात्र ‘रिझल्ट्स समरी’ दाखवण्याचा पर्याय बंद आहे ना, हे एकदा तपासा.

सापळा: कागद डाउनलोड करून, वर्डमध्ये दुरुस्त करून, पुन्हा ग्रुपवर पाठवणं. सवयीने अनुभवी माणसंही हे करतात. एका कागदाचे दोन होतात आणि दोन्हीतल्या दुरुस्त्या एकत्र करायला कुणीतरी रात्री जागतं. इंटरनेटची खात्री नसेल तर ॲपमध्ये ‘अव्हेलेबल ऑफलाइन’ चालू करा. जोडणी आली की बदल आपोआप वर जातात.

आता तिसरा प्रश्न: हे कोणाचं आहे? गुगल ड्राइव्हमध्ये कागद ज्याने बनवला त्याच्या खात्यात असतो. त्याने तो कचऱ्यात टाकला तर ३० दिवसांनी कायमचा जातो, मग त्यावर पन्नास जणांनी काम केलेलं असलं तरी. जागाही त्याच्याच खात्यातली जाते. फुकट मिळणारे १५ जीबी हे ड्राइव्ह, जीमेल आणि गुगल फोटोज या तिघांत मिळून आहेत. ते भरले की नवे ईमेलही येईनासे होतात. म्हणून गटाची कागदपत्रं उत्साही सदस्याच्या खासगी खात्यात ठेवू नका. गटाच्या नावाने वेगळं खातं काढा, आणि त्याचा पासवर्ड व बॅकअप कोड दोन विश्वासू माणसांकडे द्या.

६. ऑनलाइन बैठक

फुकट झूममध्ये सध्या ४० मिनिटं मिळतात. गुगल मीटमध्ये तीन किंवा जास्त माणसं असतील तर ६० मिनिटं. ही मर्यादा आधी सांगून टाका, बैठक आटोपशीर होते. मी तर तिला वरदानच मानते.

आत शिरलात की माइक बंद, बोलायचं तेव्हाच चालू. इअरफोन नसेल तर तुमच्या स्पीकरचा आवाज तुमच्याच माइकमध्ये जाऊन इतरांना प्रतिध्वनी येतो, आणि तो तुम्हाला ऐकू येत नसल्यामुळे दोष कुणाचा हे शोधण्यात पाच मिनिटं जातात.

पडदा दाखवताना ‘एंटायर स्क्रीन’ऐवजी फक्त हवी ती खिडकी किंवा टॅब निवडा, आणि त्याआधी सूचना बंद करा. बँकेचा निरोप किंवा घरच्यांचा राग भर सभेत वर झळकायला नको.

बैठकीचा सामायिक कागद आदल्या दिवशीच बनवा, त्यात विषय लिहा, आणि बैठक चालू असताना एकाने त्यातच नोंदी घ्याव्यात. सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसत असल्याने “मी असं म्हणालोच नव्हतो” तिथल्या तिथे मिटतं. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख असावी. ‘आपण सगळे मिळून करू’ असं लिहिलेलं काम कोणी करत नाही. गटातली माणसं वेगवेगळ्या देशांत असतील तर वेळेबरोबर ती कुठली वेळ तेही लिहा.

७. कामांचा फलक, गरज असेल तर

ट्रेलोसारख्या साधनात एक फलक असतो, त्यावर ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’ अशा याद्या, आणि प्रत्येक काम एका कार्डावर. कार्ड एका यादीतून दुसरीत ओढायचं, एवढंच. दहापेक्षा कमी कामं असतील तर डॉक्समधली चौकोनांची यादी पुरते. फलक रोज कुणी पाहणार नसेल तर तो बनवूच नका.

८. जाहीर माध्यमं: एक निवडा

इथवर आपण ओळखीच्यांत होतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, यूट्यूब यांवर ‘कोण पाहू शकतं’ या प्रश्नाचं उत्तर गृहीत धरावं: कुणीही.

फेसबुकवर प्रोफाइल, पेज आणि ग्रुप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोफाइल माणसाचं असतं. संस्थेच्या नावाने प्रोफाइल काढणं नियमात बसत नाही आणि ते बंद पडू शकतं. संस्थेसाठी पेज, आणि सदस्यांच्या चर्चेसाठी ग्रुप. पेजवर पूर्ण अधिकार असलेली निदान दोन माणसं ठेवा. एकाचं खातं अडकलं तर दुसरा सांभाळतो.

पोस्ट करण्याआधी नावाखाली असलेला पर्याय पाहा: पब्लिक, फ्रेंड्स की ओन्ली मी. दर वेळी पाहा. दुसऱ्याच्या पोस्टवर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मात्र त्याच्या पोस्टइतक्याच लोकांना दिसते, तुमच्या सेटिंगचा तिथे उपयोग नसतो. मित्राच्या जाहीर पोस्टखाली घरगुती बोलणारे हे विसरतात.

एक्सवर, म्हणजे २०२३ पर्यंतच्या ट्विटरवर, फुकट खात्याला २८० अक्षरं मिळतात, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘कि’ची दोन होतात. मराठीत मजकूर वाटतो त्याहून लवकर संपतो. इन्स्टाग्रामच्या फोटोखाली दिलेली लिंक दाबता येत नाही, ती प्रोफाइलमध्ये द्यावी लागते. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ म्हणजे लिंक असलेल्या कुणालाही, ‘प्रायव्हेट’ म्हणजे फक्त बोलावलेल्यांना. कार्यक्रमाचं चित्रण सदस्यांपुरतं ठेवायचं असेल तर हा फरक लक्षात असू द्या.

दुसऱ्यांचे फोटो टाकण्याआधी विचारा. मुलांचे असतील तर पालकांना विचारा, आणि फोटोबरोबर शाळेचं नाव, रोजची वेळ असलं काही लिहू नका.

पहिले काही दिवस नुसतं वाचा. मग एखादी प्रतिक्रिया, मग पोस्ट. प्रतिसाद आला नाही तर खट्टू होऊ नका. ऑनलाइन समूहांबद्दल संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ ठोकताळा मांडला होता: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण क्वचित लिहितात आणि बहुतेक सगळं उरलेला एक जण लिहितो. तुमच्या ग्रुपमध्येही गप्प बसलेले वाचत असतातच. पुढच्या वेळी प्रत्यक्ष भेटल्यावर तेच तुम्हाला पोस्टचा तपशील ऐकवतील.

फॉरवर्डच्या बाबतीत एकच नियम: दुहेरी बाण आणि ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ अशी खूण दिसली की पुढे पाठवण्याआधी फोटो गुगल लेन्सने (फोटोवरून शोध घेणाऱ्या गुगलच्या सोयीने) शोधा. कालचा म्हणून आलेला फोटो कैक वर्षं जुना निघणं नित्याचं आहे. कोणी चुकीचं पाठवलं असेल तर त्याला ग्रुपवर न बोलता खासगीत सांगा. चारचौघांत चूक दाखवली की माणूस चुकीची बाजू घेऊन भांडतो.

९. प्रत काढून ठेवा आणि सोडताना नीट सोडा

ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, सर्वसामान्यांसाठीचं गुगल प्लस २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स २०२० मध्ये. तिथल्या चर्चा, फोटो, याद्या ज्यांनी वेळेत उतरवून घेतल्या त्यांच्याकडेच राहिल्या. गुगलसाठी ‘टेकआउट’ नावाची सोय आहे, फेसबुकवरही आपली माहिती उतरवून घेता येते. महत्त्वाचे कागद वर्षातून एकदा पीडीएफ करून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. दोन वर्षं न वापरलेलं गुगल खातं मजकुरासकट काढून टाकलं जाऊ शकतं. गटाच्या नावाने काढलेलं खातं अधूनमधून उघडत राहा.

गटातून बाहेर पडायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी तुमच्या खात्यातल्या सामायिक कागदांची मालकी दुसऱ्याकडे द्या. शेअरच्या खिडकीत त्याच्या नावापुढे ‘ट्रान्सफर ओनरशिप’ असतं, आणि त्याने ते स्वीकारावं लागतं. स्वीकारलं का ते विचारून घ्या, कारण तो ईमेल न वाचता पडून राहतो. मग पेजवर आणि ग्रुपवर दुसऱ्याला अॅडमिन करा. व्हॉट्सॲपवर एकमेव अॅडमिन न सांगता निघून गेला तर उरलेल्यांतला कुणीही आपोआप अॅडमिन होतो, आणि त्याला बरेचदा ते ठाऊकही नसतं. शेवटी ग्रुप सोडा. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर बाहेर पडल्याची सूचना फक्त अॅडमिनना जाते, त्यामुळे बाकीच्यांना कळावं असं वाटत असेल तर तसं आधी दोन ओळींत लिहा.